काशीहून कासारवाडीला, खिम्याच्या पावासाठी

काशीच्या स्टेशनात आमची गाडी लागली तेव्हा माझ्या मनात गंगा नव्हती, घाट नव्हते, सारनाथचा शांत स्तूपही नव्हता. खरं सांगायचं तर मिरची होती. पंधरवडाभर आम्ही बटाटा खात होतो. सकाळी कचोरीबरोबर बटाटा, दुपारी भाताबरोबर बटाटा आणि रात्री पुरीबरोबर तोच बटाटा नाव बदलून. काशीबद्दल आजवर पुष्कळांनी लिहिलं आहे, ज्यांना वाचायचं त्यांनी ते जरूर वाचावं. मी मात्र तुम्हाला परतीच्या गाडीत बसवून कासारवाडीला घेऊन जाणार आहे.

आम्ही दोन घरं मिळून निघालो होतो. मी आणि माझे यजमान यशवंत, आणि शेजारची शालन आणि तिचे मारुतराव. दोघं पुरुष भोसरीच्या एकाच वर्कशॉपात, एकाच शिफ्टला. आणीबाणी उठून गेल्यानंतरचा तो हिवाळा होता. कंपनीनं प्रवासाची रजा दिली, भाडंही दिलं, तेव्हा मारुतराव म्हणाले, काशीला जाऊ. यशवंत म्हणाले, काशीच्या पलीकडे सारनाथ आहे, बुद्धगया आहे, आम्हालाही जायचंच आहे. तिकिटं एकत्र काढली. पोरांना आजोळी धाडलं.

कासारवाडीत रेल्वेच्या रुळांजवळ आमची चाळ. शालनची आणि माझी खोली भिंतीला भिंत लागून. ती साताऱ्याकडची, मराठ्यांची, आणि आम्ही बौद्ध, देहूरोडचे. भांडण कधी झालं नाही. उलट माझी पहिली पाळी संपून मी पिंपरीच्या कारखान्यातून आले की ती माझ्या उंबऱ्याशी येऊन बसायची आणि दिवे लागेपर्यंत उठायची नाही. पण उंबऱ्याच्या आत कधी आली नाही आणि माझ्या घरचा पाण्याचा घोट तिनं कधी घेतला नाही. आज चतुर्थी, आज आत्ताच जेवले, आज पोटात मुरडा आहे. तिच्या चतुर्थ्यांना पंचांग पुरलं नसतं. उन्हाळ्यात ती कांदा-लसूण मसाला करायची आणि त्यातली एक बरणी न चुकता मला द्यायची. द्यायला हरकत नव्हती, घ्यायला होती. मी हे समजून होते आणि मला त्याचा रागही येत असे. दोन्ही खरं आहे.

गंमत म्हणजे वर्कशॉपात यशवंत आणि मारुतराव एका डब्यात जेवत. मारुतराव ते घरी सांगत नसत.

काशीत शालनला ताप भरला. धर्मशाळेच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मारुतराव डॉक्टर शोधायला गेले होते. मी स्टोव्ह पेटवून मऊ भात केला, त्यात मीठ-जिरं घातलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं भरवला. तिनं डोळे मिटून खाल्ला. मारुतराव परत आले तेव्हा वाटी निम्मी झाली होती. ते दारातच थबकले, माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं आणि पिशवीतली औषधं काढून ठेवली. ताप उतरल्यावर शालन मला म्हणाली, "परवासात समदं चालतंय, ताई." तिला ते आभार म्हणून म्हणायचं होतं. मला ते निम्मंच आवडलं.

तर आता गाडीत. अलाहाबाद मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेतं लागली. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, मांडीवर गाठोडं. गाठोड्यातून त्यांनी लिट्टी (सातूचं सारण भरून निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा गोळा) काढली आणि आम्हा दोघींपुढे एकेक धरली. घास तोंडात असतानाच त्यांनी विचारलं, "दोनों बहनें हो का?"

मी उत्तर जुळवत होते तोवर शालन म्हणाली, "हां."

ती खिडकीबाहेर बघत खात राहिली. मी पण खात राहिले. लिट्टी कोरडी होती, मला ठसका लागला, आणि शालननं स्वतःचा पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. त्यावर तिचं नाव कोरलेलं होतं. पुढे त्या गाडीत कुणाचा पेला कुणाकडे याचा हिशेब राहिला नाही.

इटारसीला मारुतराव चहा आणायला उतरले आणि चढताना त्यांची एक चप्पल रुळावर पडली. गाडी सुटली. उरलेली चप्पल त्यांनी बराच वेळ पायात ठेवली, मग खिडकीतून फेकली आणि अनवाणी बसले. "काशीला काहीतरी सोडायचं असतं म्हणतात," यशवंत म्हणाले, "तुम्ही इटारसीला सोडलं." मारुतराव हसले, पण पाय पोटाशी घेऊन बसले. थंडी होती.

तापानं शालनच्या तोंडाची चव गेली होती. कशातच गोडी नाही, काहीतरी झणझणीत सांगा, ऐकूनच बरं वाटेल, असं तिनं मला म्हटलं. मी तिला खिम्याचा पाव सांगायला बसले.

हा पदार्थ माझ्या वडिलांचा. ते देहूरोडच्या छावणीत अधिकाऱ्यांच्या खानावळीत स्वयंपाकी होते. साहेब लोक खिमा साच्यात दाबून भट्टीत भाजायला लावत आणि त्यात मिरीखेरीज काही घालू देत नसत. वडील तो त्यांच्यासाठी तसाच करत आणि घरी आल्यावर आमच्यासाठी आपल्या पद्धतीनं. खिमा पाट्यावर पुन्हा एकदा वाटायचा. शिळा पाव पाण्यात भिजवून, पिळून त्यात कुस्करायचा. कांदा तळून, आलं, लसूण, मूठभर कोथिंबीर, एक अंडं फोडून, आणि कांदा-लसूण मसाला हात न आखडता. पावाच्या साच्यात निम्मा खिमा दाबायचा, त्यावर उकडलेली अंडी ओळीनं झोपवायची, वर उरलेला खिमा. चिंच-गुळाचं पाणी चोपडून बेकरीत नेऊन द्यायचा. पाव निघाल्यावर भट्टीत जी धग उरते तिच्यात तो भाजतो.

शालन डोळे मिटून ऐकत होती. "वास येतो मला त्याचा," ती म्हणाली. "भिंतीतनं येतो. दरवर्साला येतो."

"त्यात मसाला तुझाच असतो."

"ठावं हाय." ती उठून बसली. "घरी गेल्यावर पयला तुकडा मला. तुमच्या गळ्याची आन, ताई. मी येनार, तुमच्या घरात बसून खानार."

इतकी वर्षं जे मी मागितलं नव्हतं ते तिनं आपणहून कबूल केलं होतं आणि तेही शपथ घालून. वरच्या फळीवर यशवंत जागे होते हे मला त्यांच्या हालचालीवरून कळलं.

मनमाडला गाडी बदलायची होती. नळाच्या रांगेत यशवंत हळूच म्हणाले, "सुमन, गाडीतलं बोलणं गाडीत. तिची सासू आहे घरी. तिला पेचात टाकू नकोस."

"मी कुठं टाकलं? ती स्वतः म्हणाली."

"म्हणाली खरी. पण तू धरून बसशील." माझा स्वभाव त्यांना ठाऊक आहे. मी बाटली भरून घेतली.

मनमाड ते दौंड हा प्रवास मला नेहमी आवडतो. काळी माती, बाभळी, एखाद्या शेतात पाणी धरणारी बाई. काही बघण्यासारखं नसतं आणि तरी नजर हटत नाही, कारण सगळं ओळखीचं असतं. दौंडच्या फलाटावर शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी विकायला आली. शालननं आणि मी एकाच कागदावर खाल्ली. चटणीत मिरची होती. दोघींच्या नाकांतून पाणी आलं आणि पंधरवड्यात पहिल्यांदा जेवल्यासारखं वाटलं.

पुण्यात लोणावळ्याची गाडी पकडली. शिवाजीनगर गेलं, खडकी गेलं. खडकी सोडल्यावर शालननं अचानक पिशव्या उघडल्या. माझ्या पिशवीतून तिची भांडी आणि तिच्या पिशवीतून माझी, नावं वाचून वेगळी करायला लागली. "माजं हिकडं, तुमचं तिकडं," ती हसत म्हणाली, पण हात भराभर चालले होते. गाडी दापोडीच्या पुलावर आली. खाली मुळा नदी, पलीकडे कारखान्यांची धुरांडी, आणि वाऱ्यावर तो तेलकट, लोखंडी वास, जो बाहेरच्या माणसाला सोसत नाही आणि आम्हाला घरचा वाटतो. एरवी मी त्या पुलावर खिडकीशी जाते. त्या दिवशी शालनच्या हातांकडे बघत बसले.

चाळीच्या दारात तिच्या सासूबाई, आत्याबाई, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. लेकावरून आणि सुनेवरून त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी पायांवर घातलं. मारुतरावांचे अनवाणी पाय बघून चार शब्द सुनावले. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आलात न्हवं नीट? तुमच्या कोथमिरीला पानी घातलंय मी." माझ्या दाराशी तेलाच्या डब्यात लावलेली कोथिंबीर खरंच हिरवीगार होती. ती बाई वाईट नाही. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघाले तर बाहेरच्या सामायिक कट्ट्यावर एक पेला उपडा ठेवलेला. राखेनं घासून लखलखीत केलेला. मी उचलून पाहिला तर त्यावर यशवंतचं नाव. गाडीच्या घाईत तो शालनच्या पिशवीत राहिला होता आणि आत्याबाईंना सापडला होता. हाक मारून हातात दिला असता, तर काही वाटलं नसतं. बाहेर ठेवला होता.

माझ्या वडिलांच्या हातचं गोरे साहेब जेवत, आणि वडील सुट्टीत गावी गेले की हॉटेलवाला त्यांचा कप बाहेर खुंटीला टांगून ठेवी. ते स्वतः काढून घेत, चहा पीत, धुऊन पुन्हा टांगत. मी लहानपणी ते पाहिलं आहे. त्या सकाळी पेला हातात घेऊन मी उभी राहिले तेव्हा मला तो कप आठवला आणि रडू आलं. कारखान्यात कॉइल गुंडाळताना दिवसभर माझ्या हातून तार तुटत होती.

त्या आठवड्यात शेजारी मावंदं झालं (काशीहून आल्यावर गंगेची पूजा करून घालायचं जेवण). पुरणाचा वास भिंतीतून आमच्याकडे आला. मारुतराव पुरणपोळ्या घेऊन आले, पत्रावळीवर. आमच्याकडे नेहमी पत्रावळीवरच यायच्या, कारण पत्रावळ परत न्यावी लागत नाही. पोळ्या उत्तम होत्या आणि मी त्या रागारागानं खाल्ल्या. शालन स्वतः आली नाही. उंबऱ्याशी बसायलाही आली नाही. नळावर भेटली की बादली भरायच्या आत तिला घाई असे.

"मी सांगितलं होतं," यशवंत म्हणाले.

"सांगितलं होतं. पण मी पाव करणार. ती येवो न येवो."

रविवारी सकाळीच पिंपरीच्या बाजारात गेले. प्रवासवर्णनात बाजार असावा लागतो, तर हा आमचा. काशीच्या गल्ल्यांत रेशीम आणि पेढे आहेत, पिंपरीत सिंधी दुकानदारांचे तागे, सायकलींचे सुटे भाग आणि रविवारी खाटकापुढे कारखान्यातल्या माणसांची रांग. रांगेत सगळे एकमेकांना शिफ्टनं ओळखतात. माझ्या पुढचा एक जण मागच्याला सांगत होता, "ओव्हरटाइम मिळाला म्हणून मटण, राव, न्हाईतर आपली मेथी." खाटकाला मी समोर उभं राहून खिमा करायला लावला. परतताना बसच्या खिडकीतून हे सगळं मी पाहुण्यासारखं पाहत होते. इतके दिवस बाहेर काढले की घरची गल्लीही थोडा वेळ परगावची वाटते.

घरी येऊन पाटा धुतला, खिमा वाटला. आत्याबाईंनी जगवलेली कोथिंबीर खुडली. शालनच्या बरणीतला मसाला घेताना हात क्षणभर थांबला. मग घातला. रागातच घातला, त्यामुळे जरा जास्त पडला.

हसनभाईंची बेकरी स्टेशनच्या रस्त्यावर. ते साचा बघूनच ओळखतात. "पाव निकलने दो, ताई. बिस्किटं पण काढतो. ह्याला सगळ्यात शेवटी टाकतो, नायतर सकाळी गिऱ्हाईक म्हणेल पावाला मटणाचा वास." मी बाकावर बसून राहिले. लांब फळीनं त्यांनी साचा भट्टीच्या पोटात सरकवला. भिंतीला टेकून मी शेकत होते आणि विचार करत होते की माणसं प्रवासाला जातात ती देवासाठी की नियमातून थोडे दिवस सुटायला. आणि सुटून आल्यावर जुनेच नियम पुन्हा अंगात घालायचे, तर ते आधीपेक्षा घट्ट होत असतील का. माझ्या तरी अंगाला त्या आठवड्यात फार काचत होते.

टॉवेलात गुंडाळलेला साचा घेऊन चाळीत शिरले. आत्याबाई दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. नाक वर करून म्हणाल्या, "मसाला आमचाच न्हवं?"

"तुमचाच."

"हं," त्या म्हणाल्या आणि सुपाकडे वळल्या.

मी तिथंच उभी राहिले आणि आतल्या अंधाराकडे बघून म्हटलं, "शालन, पाव झाला." एवढंच. आत भांडी वाजत होती, ती थांबली.

घरी साचा पराती‌त उपडा केला. छान सुटला. पहिला तुकडा कापला, त्यात अंड्याची पिवळी चकती बरोबर मध्ये आली होती. तो मी बाजूला काढून झाकला. यशवंतनी ते पाहिलं. थोडा वेळ वाट पाहिली, मग म्हणाले, "गार होईल." पोरं अजून आजोळीच होती, मी आम्हा दोघांना वाढून घेतलं. पहिला घास तोंडात गेला आणि काशीपासून धरून ठेवलेली भूक भागली, पण जेवण गोड लागेना.

तेवढ्यात दारात सावली आली. शालन. ती उंबऱ्याशी बसली नाही. उंबरा ओलांडून आत आली. तिच्या हातात ताट होतं, तिचं स्वतःचं, नाव कोरलेलं.

माझा चेहरा उतरला असणार. म्हणजे पाव आमचा चालेल, ताट आमचं नाही. "घरी नेऊन खाणार का?" मी विचारलं. आवाज मला हवा होता त्यापेक्षा कडक निघाला.

"न्हाई. हितंच."

ती भिंतीला टेकून बसली आणि ताट पुढे ठेवलं. झाकलेला तुकडा मी तिला वाढला. तिनं मोठा घास घेतला, सावकाश चावला, दुसरा घेतला. मग तिचे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं इकडे तिकडे पाहिलं. ताट आणलं होतं, पेला आणायचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"पानी," ती म्हणाली.

मी माठाशी गेले. फळीवर सगळ्यात पुढे तोच पेला होता, यशवंतचा, कट्ट्यावरून आणलेला. दुसरा घेता आला असता. मी तोच भरला आणि तिच्यापुढे धरला. तिनं तो ओळखला. नावावरून तिचा अंगठा फिरला. यशवंत ताटात बघत होते.

शालन प्याली. तोंड लावून, एका दमात, तळापर्यंत. मग पेला खाली ठेवून म्हणाली, "आनि एक तुकडा घाला. काशीत मला काय खायला मिळालं?"

मी वाढत होते तेव्हा भिंतीपलीकडून आत्याबाईंची हाक आली. "शालन, कुठं हाईस गं?"

शालनचा हात थांबला. चतुर्थी-मुरड्यासारखी एखादी सबब तिला पुढे करता आली असती. भिंत पातळ होती, तिकडे कुजबुजही ऐकू गेली असती. तिनं घास गिळला आणि मोठ्यानं सांगितलं, "हितं हाय, आत्याबाई. सुमनताईंच्यात. जेवतीया."

पलीकडचं सूप थांबलं. आम्ही तिघंही ऐकत राहिलो. मग सूप पुन्हा वाजायला लागलं, आधीसारखंच.

मला फार बरं वाटलं, हे मी साधं लिहून टाकते. सारनाथला बसले होते तेव्हाही बरं वाटलं होतं, पण ते गावाकडे परतताना थोडं थोडं ओसरत गेलं होतं. हे घरात बसून मिळालं होतं.

जाताना शालन हात धुऊन, पदराला पुसून, ताट तसंच ठेवून गेली. विसरली की मुद्दाम ठेवलं, मी विचारलं नाही. मी ते घासलं आणि आमच्या ताटांमध्ये लावलं. अजून ते आमच्याकडेच आहे. कुणी न्यायला आलेलं नाही आणि मीही ते कट्ट्यावर ठेवलेलं नाही.